पाण्याला दिलेली गांडुळं

मासे धरायच्या रबरी आमिषांत सगळ्यात लवकर संपतं ते साधं गांडूळ. पोकळ रबरी बेडूक नीट वापरला तर वर्षभर टिकतो. शेपूट हलवणारा रबरी मासा महिना-दीड महिना निघतो. पण सरळसोट, बोटापेक्षा थोडं लांब, अंगात मीठ कालवलेलं ते मऊ गांडूळ एका सकाळीत पाकीटच्या पाकीट खलास होतं. त्याला ना पाय, ना शेपूट, ना डोळे. पाण्यात टाकलं की काही न करता थरथरत खाली जातं, आणि माशाला नेमकं तेच आवडतं. मिठामुळं ते जड होतं, तोंडात बरं लागत असावं, आणि त्याच मिठामुळं ते फाटतं. कधी कधी मासा लागतही नाही. नुसता गळ फेकताना झटका बसतो आणि गांडूळ एकीकडं उडतं, गळ दुसरीकडं.

पाकिटावर बास नावाच्या परदेशी माशाचं चित्र असतं. हिरवट अंगाचा, तोंड वासलेला. तो मासा मी जन्मात पाहिलेला नाही. तिकडची माणसं तळ्याकाठी उभी राहून कुठलं रबर किती लवकर संपतं यावर तासतासभर वाद घालतात, ते मी मोबाइलवर बघत बसतो. बायको विचारते, "तुम्हाला कळतं तरी का त्यांचं?" बोलणं अर्धंच कळतं. पण फाटलेलं गांडूळ हातात धरून तो माणूस जे तोंड करतो, ते पूर्ण कळतं. आमच्याकडं या गांडुळांवर मरळ येते. मरळीला दात आहेत आणि राग आहे, त्यामुळं आमच्याकडं गांडूळ तिकडच्यापेक्षा लवकरच संपत असणार.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. गाड्यांना लागणाऱ्या रबरी कड्या आणि बुचं तिथं बनतात, आणि त्यातली खोट काढणं हे माझं काम. आठ तास खोट काढून माणूस घरी आला की लगेच बदलत नाही. भाजीतलं मीठ, मुलीच्या वहीतलं अक्षर, शेजाऱ्याची गाडी लावायची पद्धत, सगळ्यात मला खोट दिसते आणि मी ती बोलून दाखवतो. माझं तोंड वाईट आहे हे आमच्या सगळ्या घराला मान्य आहे, मलाही मान्य आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या तोंडामुळंच झालं.

कारखान्यात टाकाऊ निघालेल्या बारीक कड्या मी साहेबांना विचारून घरी आणायचो. गांडुळाच्या मधोमध अशी एक कडी चढवायची आणि गळ गांडुळात न खुपसता त्या कडीखालून घालायचा. मग ओढ कडीवर येते, गांडूळ जरा जास्त टिकतं. एका सकाळीऐवजी दोन सकाळी. एवढ्यावरही मी खूश असायचो.

मासे धरायला मला दादानं शिकवलं. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. टेम्पो चालवायचा. लासूर स्टेशनच्या बाजारातून कांद्याच्या गोण्या भरायच्या आणि शहरात आणून टाकायच्या, हे त्यानं वीसेक वर्षं केलं. सुट्टीच्या दिवशी तो मला सायकलच्या दांडीवर बसवून तळ्यावर न्यायचा. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, आणि आमच्या मोरीमागच्या ओल्या मातीतून उकरलेली खरी गांडुळं, पत्र्याच्या एका गोल डब्यात. डब्याच्या झाकणाला त्यानं खिळ्यानं भोकं पाडली होती. "त्यांना बी श्वास लागतो," म्हणायचा.

त्याचे नियम होते, आणि ते मोडलेले त्याला चालायचे नाहीत. मासा घरी आला की तो कुणालाच साफ करू द्यायचा नाही. अंगणातल्या फरशीवर बसून, राखेत हात बुडवून, स्वतः चिरायचा, आणि आधी पोट उघडून बघायचा. "पोट बघितल्याबिगर कालवण न्हाय. काय खातोय ते त्यात लिव्हलेलं असतं." पोटात बारकी झिंगळं, म्हणजे तळ्यातले झिंगे, निघाली की पुढच्या वेळी झिंगळंच न्यायची. पाण्याची बातमी त्याला अशी पोटातनं कळायची. आणि दुसरा नियम असा, की डब्यात उरलेली गांडुळं घरी परत आणायची नाहीत. निघताना डबा पाण्यावर उपडा करायचा. "त्यांच्याकडनं घेतलं ना? मग उरलंसुरलं पाण्याला द्यायचं." हे तो इतक्या सहज म्हणायचा की मला तो देवाचाच नियम वाटायचा. मी मोठा झालो, नोकरीला लागलो, चिकलठाण्याला घर केलं, बांबू जाऊन रीळ आलं, खरी गांडुळं जाऊन पाकिटातली आली. उरलंसुरलं पाण्याला द्यायची सवय मात्र तशीच राहिली.

आमचं तळं म्हणजे शेंद्र्याच्या पलीकडचा एक पाझर तलाव. नाव सांगण्यासारखा नाही. एका अंगाला मुरमाचा बांध, दुसऱ्या अंगाला बेशरमाची झुडपं, मधे पाणकणीस. पावसाळ्यानंतर तुडुंब, आणि होळीनंतर रोज वीतभर मागं सरकणारा. वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी मी तिथं उभा राहिलो आणि निघताना फाटकी, तुकडे झालेली, टोक तुटलेली रबरी गांडुळं पाण्यात टाकत आलो. एकदाही मनात आलं नाही की ही कुजत नाहीत. रबराच्या कारखान्यात पोट भरणारा माणूस मी. रबराचं काय होतं आणि काय होत नाही, हे मला आमच्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

दोन वर्षांमागच्या गणपतीत मला एक हुक्की आली. त्या सुमारास तुटलेली गांडुळं मी काही महिने पाण्यात न टाकता जपून ठेवली होती, ती वितळवून नवी करायची ठरवलं. जुन्या पातेल्यात तुकडे टाकले, गॅसवर ठेवले, आणि घरभर असा वास सुटला की बायकोनं पातेल्यासकट मला गच्चीवर काढलं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा मी आधीच केला होता. सगळे रंग एकत्र वितळून शिळ्या चहासारखा एकच रंग झाला. तो फार मेलेला दिसायला लागला, म्हणून गणपतीच्या मखरासाठी गुलमंडीच्या बाजारातून आणलेली सोनेरी चमकी उरली होती ती मी त्यात ओतली. मीठ अंदाजानं घातलं आणि अंदाज चुकला. गांडुळं झाली, चांगली पन्नास-साठ झाली, उन्हात धरली की चमचम करायची, पण इतकी भुसभुशीत की मासा जवळ आला तरी तुटतील असं वाटायचं.

दादा दर्शनाला आला होता. त्यानं एक गांडूळ उचललं, वास घेतला, आणि म्हणाला, "माशास्नी परसाद वाटतो का काय?" गालात नेहमीप्रमाणं गुटख्याची पुडी होती. बोलताना हनुवटी वर करून बोलायचा, थुंकी सांडू नये म्हणून.

त्याच्या दुसऱ्या रविवारी तो माझ्याबरोबर तळ्यावर आला. खूप दिवसांनी आला होता. मी फेकायचो आणि तो बांधावर बसून माझी टिंगल करायचा. माझी चमकीची गांडुळं फडशा पडल्यासारखी संपत होती. एक मरळ लागली, हातभर, आणि तिनं येता येता दोन गांडुळांचा चुराडा केला. निघताना माझ्या मुठीत सात-आठ तुकडे होते. एकदा वितळवलेलं रबर पुन्हा वितळवलं की करपतं, म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता. मी ते खिशात घालायला लागलो. खरं तर का घालत होतो, मलाही माहीत नाही. हाताला तेलकट लागत होते, बहुधा कुठं तरी पुसावेत म्हणून. दादा म्हणाला, "खिशात काय कोंबतो? दे की पाण्याला." मी दिले. पाण्यावर थोडा वेळ चमकी दिसली, मग तुकडे खाली गेले. त्यानंतर हिवाळाभर दर रविवारी मी तसेच देत राहिलो. घरचीच होती, पाकिटातली तुटली की त्यांची आणखी करता येतील असं वाटायचं, म्हणून धड गांडुळंसुद्धा उरली तर टाकून यायचो.

दिवाळीत दादाला फराळ तिखट लागायला लागला. चकली तोंडात धरून मऊ करून खायचा. गालाच्या आत पांढरं झालं होतं. वहिनी त्याला दवाखान्यात जा म्हणून मागं लागल्या, मी तर शिव्याच घातल्या. मी म्हणालो, "पुडी सोडणार नाहीस आणि दवाखान्यातही जाणार नाहीस, मग काय जबडा हातात घेऊन फिरणार आहेस का?" असं बोललो होतो मी. संक्रांतीच्या आसपास त्याचा डावा जबडा काढला.

ऑपरेशननंतर किरणं झाली. जीभ अर्धी राहिली होती. त्याचं बोलणं वहिनींना आणि मला सोडून कुणाला कळायचं नाही. मुकुंदवाडीच्या त्याच्या दोन खोल्यांत तो भिंतीला टेकून बसलेला असायचा, गळ्याला पंचा गुंडाळून. नाकातली नळी काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता तोंडानं खायला लागलं पाहिजे, अंगात ताकद आली नाही तर पुढचं काही करता येणार नाही. वहिनींनी मूग दिले, नाचणी दिली, अंडं फेटून दिलं. दोन चमचे घ्यायचा आणि हात आडवा धरायचा. वजन रोज कमी होत होतं. मी त्याच्या मनगटाकडं बघायचो नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणून सांगितलं, "मरळ आण."

आमच्याकडं जखमेला मरळ देतात. बाळंतिणीला देतात, टाके पडलेल्या माणसाला देतात. आईनं त्याला लहानपणी टायफॉइडमध्ये दिली होती म्हणे. वहिनी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "भाऊजी, तोंडानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट हाय. कुठूनबी बघा."

बाजारात मी आधी गेलो. मरळ होती, पण टाकीत पाळलेली. दादानं ती बघितली आणि मान फिरवली. तळ्यातली पाहिजे होती. वहिनींनी तरीही तिचं कालवण केलं आणि त्यानं एक चमचाही घेतला नाही. मला राग आला. मरणाच्या दारात बसून नखरे सुचतात, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "मग तुम्ही आणा ना तळ्यातली. एरवी दर रविवारी जाता."

मी गेलो. त्या रविवारी, पुढच्या रविवारी, मग रजा टाकून मधल्या वारीही. दुसऱ्या पाळीला असलो की सकाळी तळ्यावर आणि तिथूनच कामावर. पाणी मागं सरकलं होतं. पाणकणीस कोरडं पडून उभं होतं. आधी चमकीची उरलेली गांडुळं संपवली, मग पाकिटं मागवली, ती संपवली. मासा यायचा, मागून ढुसणी द्यायचा, आणि सोडून द्यायचा. गांडूळ परत यायचं ते टोक कुरतडलेलं. एरवी ज्या मरळी रागानं तुटून पडायच्या, त्या आता नुसत्या चाखून बघत होत्या. मी कड्या चढवल्या, गळ बदलला, बेडूक लावला. शेवटी जुन्या घराच्या मोरीमागची खरी गांडुळं उकरायला गेलो तर तिथं आता फरशी होती. रोज संध्याकाळी वहिनींचा फोन यायचा. "मिळाली का" असं त्या विचारायच्या नाहीत. "जेवलात का" विचारायच्या, आणि मी नाही म्हणायचो.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी एक लागली. शेवटच्या पाकिटातलं शेवटून दुसरं गांडूळ होतं. ओढताना वाटलं लाकूड आहे, कारण तिच्यात जीवच नव्हता. बांधावर घेतली आणि मला तिचं ध्यान बघवलं नाही. डोकं चांगलं मोठं, दोन किलोच्या माशाचं असावं असं, आणि डोक्यामागं अंग बारीक होत गेलेलं. पोट तेवढं फुगलेलं आणि कडक. माझ्या टेबलावर असा माल आला असता तर मी क्षणात लाल खूण करून बाजूला सारला असता. इथं मी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि गाडी पळवत मुकुंदवाडीला आणली, कारण दुसरी मिळणार नव्हती.

दादा उठून अंगणात आला. वहिनी नको म्हणत होत्या, मीही म्हणालो मी चिरतो. त्यानं ऐकलं नाही. फरशीसमोर पाट मांडायला लावला, चुलीची राख मागवली. राख आता कुठं असते घरात? वहिनींनी शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली. सुरी बरोबर चालली. आणि त्यानं नियमाप्रमाणं आधी पोट उघडलं.

झिंगळं नव्हती. किडे नव्हते. एक गोळा होता, चहाच्या रंगाचा, फुगून जाड झालेला. दादानं तो अंगठ्यानं मोकळा केला. एकेक तुकडा सुटा करून त्यानं फरशीवर ओळीनं मांडला. सात होते. पाण्याचा तांब्या घेऊन त्यानं ते धुतले, आणि धुतल्यावर उन्हात त्यांच्यातली चमकी दिसली. तुकडे मूळच्या दुपटीनं जाड झाले होते, पण चमकी काल घातल्यासारखी होती.

त्यानं सुरीच्या टोकानं एकेक तुकडा उलटून बघितला. पोट भरलेलं होतं आणि मासा उपाशी होता, हे त्याला माझ्याआधी कळलं. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. फक्त विचारत होता, की हे काय आहे.

मला काय म्हणता आलं असतं? मी चुकलो म्हणता आलं असतं. काही न म्हणता मासा उचलून वहिनींकडं देता आला असता. तीन आठवड्यांची वणवण, गोणपाटाचा वास, त्याचं ते मनगट, सगळं माझ्या डोक्यात चढलं होतं. आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं. "माझ्याकडं काय बघतो? तूच शिकवलं ना, पाण्याला द्यायचं म्हणून. तूच म्हणला होता त्या दिवशी."

दादाचा हात फरशीवर तसाच राहिला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. दादानं मान हलवली. "व्हय," म्हणाला. "म्याच म्हणलो." अर्ध्या जिभेनं म्हणाला, पण इतकं स्पष्ट तो ऑपरेशननंतर कधी बोलला नव्हता. मग त्यानं उरलेला मासा साफ केला, एरवीसारखाच, कल्ले काढून, काळं कातडं दगडावर घासून.

या माशाचं कालवण करायचं की नाही, हे आमच्यापैकी कुणी काढलंच नाही. वहिनींनी पाच पाण्यांत धुतला. हळद, थोडा लसूण, तिखट नाही. पांढरं पातळ कालवण करून गाळून वाटीत आणलं. मी समोर बसलो होतो. मला उठून जायचं होतं पण उठता येत नव्हतं. दादानं वाटी घेतली आणि प्यायला लागला. दोन चमचे झाले, चार झाले. गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं, ते तो पंच्यानं पुसायचा आणि पुन्हा चमचा भरायचा. सबंध वाटी त्यानं संपवली. शेवटी वाटी माझ्याकडं तिरपी करून दाखवली, लहान मुलं आईला दाखवतात तशी. मग हातानं मला खूण केली, जा आता, कामाला उशीर होतोय. रविवार होता हे त्याच्या लक्षात नसेल असं मला वाटलं.

त्यांच्या गल्लीतून बाहेर पडताना मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं. माणूस खायला लागला. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात पेढे नेले. साहेबांना दिले, माझ्या ओळीतल्या सगळ्यांना दिले. कुणी विचारलं काय झालं, तर मी सांगायचो, भाऊ जेवला. मी जे बोललो होतो ते कुणाला सांगितलं नाही. वाटी संपली म्हणजे तेही संपलं, असं मी धरून चाललो.

त्यानंतर दादानं मासा मागितला नाही. दुसरंही काही मागितलं नाही. मी जायचो, तो डोळे मिटून पडलेला असायचा. आणखी एकदा नाकात नळी घालायची का, यावर आमची बोलणी चालली होती, तेवढ्यात मे महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी तो गेला. मी कारखान्यात होतो. फोन आला तेव्हा माझ्या हातात एक कडी होती आणि मी तिच्यात खोट शोधत होतो.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तळ्यावर गेलो, गळ न घेता. तळं जवळजवळ आटलं होतं. मधे गुडघाभर गढूळ पाणी, बाकी चिखल, आणि काठाकडं चिखल वाळून भेगा पडलेल्या. मला गांडुळं शोधायची नव्हती. पण उन्हात एका भेगेत काही तरी चमकलं, मग पलीकडं दुसरं. मी बसलो आणि काडीनं उकरायला लागलो. चमकीची होती, पाकिटातली होती, हिरवी, काळी, जांभळी, कितीतरी वर्षांपूर्वीची, ज्यांची पाकिटं कधी मागवली ते मला आठवतही नव्हतं. एकही कुजलेलं नव्हतं. मी चिखलात गुडघ्यांवर सरकत दुपारपर्यंत वेचत राहिलो आणि तांदळाची एक पिशवी अर्धी भरली. वाळक्या भागातली वेचली, एवढंच. पाण्याखालची आणि गाळाखालची तशीच राहिली.

ती पिशवी घेऊन मी तसाच चिखलाच्या पायांनी वहिनींकडं गेलो. का गेलो, सांगता येत नाही. कुणाला तरी दाखवायला हवी होती. वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं. पिशवीत वाकून बघितलं आणि आत गेल्या. आतून त्यांनी दादाचा तो पत्र्याचा गोल डबा आणला, झाकणाला भोकं पाडलेला. आत सात तुकडे होते, धुऊन वाळवलेले.

"ह्यांनी तुमच्याकडं द्यायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला धीर झाला नाय. आता पाण्याला द्यायचं नाय म्हणाले. तेवढंच सांग त्याला म्हणाले."

मी डबा हातात धरून बसलो. मग मला बोलावंसं वाटलं, काही तरी बरं बोलावं, म्हणून मी म्हणालो, "पण वहिनी, त्या दिवशी वाटी तर पूर्ण संपवली दादानं. तेवढं तरी त्याच्या पोटात गेलं."

वहिनी पदरानं फरशी पुसल्यासारखं करत राहिल्या. त्यांना ते सांगायचं नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि तरी मी त्यांच्याकडं बघत राहिलो. खोट शोधायची सवय.

"ऱ्हायलं नाय भाऊजी पोटात," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेला आन् मोरीत समदं पडलं. रगत बी पडलं लई. पहिल्याच घोटाला आग आग झाली होती त्यांना. मी म्हणलं, मग पिलं कशाला? तर म्हणाले, त्याला बोलून लई लागलं आसल, त्याच्या म्होरं वाटी रिकामी झाली पायजे."

माझ्या तोंडाला पहिल्यांदाच काही सुचलं नाही, आणि ते आता न सुचून काही उपयोग नव्हता.

डबा माझ्या घरी फळीवर आहे. तांदळाची पिशवी गच्चीवर आहे. जाळली तर विषारी धूर होतो, पुरली तर पुढच्या कुणाला तरी सापडेल, आणि पाण्याला द्यायची नाहीत. त्या पावसाळ्यात तळं पुन्हा भरलं. मी आता तिकडं जात नाही. कारखान्यात त्या सोमवारी ज्यांना पेढे दिले होते, त्यातले पुढं दुसऱ्या पाळीत गेलेले एक-दोघं भेटले की अजून विचारतात, भाऊ आता कसा आहे. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी "बरा आहे" म्हणतो आणि पुढची कडी उचलतो.